फोर बाय फोर गाडी खालून वाचताना: चासी, बॉडी आणि मधलं रबर

एक चाक दगडावर चढलंय, त्याच्या तिरक्या कोपऱ्यातलं चाक खड्ड्यात गेलंय. अशा वेळी गाडीला पीळ बसतो आणि तो कुणीतरी पचवावाच लागतो. फोर बाय फोर गाडीची सगळी बांधणी या हिशोबावर उभी असते: पिळाचा मोठा वाटा सस्पेन्शनने घ्यायचा, थोडा चासीने, आणि बॉडीपर्यंत शक्यतो काहीच पोचू द्यायचं नाही. चासी आणि बॉडीच्या मधली रबरं हा हिशोब जुळवतात. इंजिनाची, शाफ्टची, टायरची थरथर अडवायचं कामही त्यांच्याकडेच असतं. त्यामुळे गाडी थरथरते म्हणून थेट फरशीवर डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर शोषणारा चिकट थर) चिकटवायला बसणं म्हणजे उलट्या टोकाने सुरुवात झाली. आधी सांगाडा बघा, मग सांधे, मग थरथर कुठून येते ते, आणि पत्रा अगदी शेवटी.

सांगाडा ओळखा

गाडीखाली शिरायच्या आधी एक नियम: नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जायचं नाही. सपाट, कडक जमीन, चाकांना ओट (गाडी घरंगळू नये म्हणून लावायचे ठोकळे), चासीखाली वजन पेलणाऱ्या घोड्या (स्टँड), आणि मगच आत.

लॅडर फ्रेम ही नावाप्रमाणे शिडी असते. दोन लांब लाँग मेंबर पुढून मागपर्यंत जातात आणि चार ते आठ क्रॉस मेंबर त्यांना आडवे जोडतात. एक्सलच्या वर लाँग मेंबर कमानीसारखे उचललेले दिसतील, कारण एक्सलला वर उसळायला जागा लागते. जिथे हे वळण सुरू होतं तिथे ताण गोळा होतो, म्हणून तडे शोधताना नजर आधी तिथे न्यायची. गिअरबॉक्सखालचा क्रॉस मेंबर बहुधा बोल्टने बसवलेला असतो, गिअरबॉक्स उतरवता यावा म्हणून. लाँग मेंबरच्या बाहेर हातासारखे ब्रॅकेट आलेले असतात. बॉडी त्यांच्यावर टेकते.

मोनोकॉकमध्ये वेगळी चासी नसते. फरशी, सिल (दाराखालचा उंबरा), खांब, छत असे पत्र्याचे पोकळ भाग वेल्ड होऊन तीच बॉडी आणि तोच सांगाडा बनतो. इंजिन आणि सस्पेन्शन बहुधा छोट्या सबफ्रेमवर बसतात आणि ती सबफ्रेम रबर बुशांवर (सांध्यातल्या रबरी कड्यांवर) बॉडीला लटकते. 'मोनोकॉक म्हणजे खरी फोर बाय फोर नव्हे' हे वाक्य नवख्यांच्या कानावर लवकर पडतं, पण ते सोडून द्या. १९७७ ची लाडा निवा मोनोकॉक होती, १९८४ ची जीप चेरोकीही. फरक कणखरपणाचा नाही, दुरुस्तीचा आहे. लॅडर फ्रेमवर बॉडी गंजली तरी गाडी उभी राहते. मोनोकॉकमध्ये सिल गंजली की सांगाडाच गेला.

लाँग मेंबरचा छेद उघडा आहे की बंद, हेही बघा. उघडा म्हणजे सी-चॅनल, बंद म्हणजे बॉक्स. हा फरक डोळ्यांना किरकोळ वाटतो, आकड्यांत प्रचंड आहे. १०० × १०० मिमीची, ३ मिमी जाडीची चौकोनी नळी घ्या आणि तिला लांबीभर एकच चीर द्या. धातू तेवढाच, वजन तेवढंच, वाकण्याला विरोधही जवळपास तेवढाच. पण पिळाला होणारा विरोध सुमारे आठशेव्या हिश्श्यावर येतो. यातून दोन गोष्टी निघतात. सी-चॅनलची चासी पिळणारच, तिचं डिझाइनच तसं असतं. तिच्यावर बॉडी घट्ट आवळली तर तडे बॉडीला जातात. युनिमॉग या मर्सिडीजच्या फोर बाय फोर ट्रकची केबिन चासीवर तीन ठिकाणी टेकवलेली असते ती यासाठीच. तीन पायांचं स्टूल कुठल्याही जमिनीवर डगमगत नाही, तसा चासीचा पीळ केबिनपर्यंत जात नाही. दुसरी गोष्ट जुन्या गाड्यांची: बॉक्स चासीची शिवण आतून गंजून सुटली, तर वरून धडधाकट दिसणारी चासी पिळाला मात्र जवळजवळ उघडी होते. दारं आपोआप कुरकुरायला लागतात आणि बिचाऱ्या बिजागऱ्यांना दोष जातो.

गंज आणि सरळपणा तपासा

गंज आतून बाहेर येतो. चिखल बॉक्सच्या पोटात साचतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि पत्रा ओला राहतो. छोट्या हातोडीने लाँग मेंबर ठोकत चला. चांगला पत्रा खणखणतो, गंजलेला भद्द वाजतो. मागच्या कमानीचा उतार, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, बॉडी माउंटचे ब्रॅकेट आणि टाकीच्या वरची जागा सोडू नका. नुकताच जाड काळा अंडरकोट मारलेली चासी विकत घेताना हातोडीबरोबर स्क्रूड्रायव्हरही न्या. गंजावर मारलेला थर पाणी आतच कोंडतो.

चासी वाकली आहे का, ते ओळंबा, खडू आणि टेपने समजतं:

१. गाडी सपाट फरशीवर घ्या, चारही टायरांत हवा योग्य भरा.
२. दोन्ही लाँग मेंबरवर एकमेकांसमोर असणारी कंपनीची भोकं निवडा. पुढे एक जोडी, मध्ये दोन, मागे एक. नंतर कुणी पाडलेली भोकं घेऊ नका.
३. प्रत्येक भोकाच्या मध्यातून ओळंबा सोडा, फरशीवर खूण करा, गाडी बाजूला घ्या.
४. लागोपाठच्या दोन जोड्यांमधले दोन्ही कर्ण मोजा. ३ मिमीपर्यंतचा फरक मापण्यातलाही असू शकतो. ५ मिमीच्या वर गेला तर पुन्हा मोजा, आणि तोच आला तर गाडीच्या मॅन्युअलमधली मापं समोर घ्या.
५. प्रत्येक जोडीचा मध्यबिंदू काढून पुढून मागे दोरी धरा. सगळे मध्यबिंदू एका रेषेत यायला हवेत.

कर्ण वेगळे पण मध्यरेषा सरळ, तर एक लाँग मेंबर दुसऱ्याच्या पुढे सरकलाय. मध्यरेषाच वळली असेल तर चासी बाजूला वाकली आहे. पीळ मात्र फरशीवरच्या खुणांत दिसत नाही. त्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरून पुढच्या आणि मागच्या जोडीची उंची मोजा. दोन्ही जोड्यांची रुंदी सारखी असू द्या. दोन्ही एकाच बाजूला सारख्या कलल्या असतील तर दोष स्प्रिंगचा. पुढची डावीकडे आणि मागची उजवीकडे कललेली असेल तर चासी पिळली आहे.

वेल्डिंगचं थोडक्यात. लाँग मेंबरला काटकोनात छेदणारी सरळ शिवण मारू नका. ठिगळाची टोकं तिरकी किंवा माशाच्या शेपटीसारखी कापा, म्हणजे ताण एका रेषेत सापडत नाही. वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही, कारण वाकण्याचा सगळा ताण तिथे असतो. भोक लागलंच तर उभ्या बाजूच्या मध्यावर. उच्च ताकदीच्या पोलादाची चासी तापवली की तिची ताकद उतरते, म्हणून मॅन्युअल 'नाही' म्हणत असेल तर तिथे वेल्डिंगचा टॉर्च लावू नका. आणि बॅटरी आधी सोडा.

बॉडी माउंट: सगळा खेळ इथे

लॅडर फ्रेमच्या गाडीत बॉडी साधारण सहा ते बारा जागी टेकते. प्रत्येक जागी वर एक जाड रबर, खाली एक पातळ रबर, मध्ये पोलादी नळी आणि आरपार बोल्ट असतो. वरचं रबर बॉडीचं वजन घेतं. खालचं रबर बॉडी उसळली की तिला धरून ठेवतं. मधल्या नळीकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण माउंटची शिस्त तीच ठेवते. बोल्ट आवळताना नळी दोन्ही टोकांना टेकते आणि रबर ठरलेल्या मिलिमीटरांपुरतंच दाबलं जातं. नळी गंजून गेली किंवा बसवायची राहिली, तर बोल्ट आवळत जाल तसं रबर फुगून बाहेर येतं, दगडासारखं कडक होतं, आणि माउंट असून नसल्यासारखं. उलट नळी लांब पडली तर बोल्ट घट्ट आणि बॉडी मात्र खडखडते.

खराब माउंटच्या खुणा: रबरावर खोल चिरा, कडेला फुगवटा, वरच्या रबराची एका बाजूने जास्त बसलेली जाडी, दाराच्या फटी वर-खाली वेगळ्या, पिकअपमध्ये केबिन आणि हौद्यामधली फट तिरकी, खड्ड्यात 'धप' असा एकच ठोका. आणखी एक चाचणी आहे. तिरक्या समोरासमोरच्या दोन चाकांखाली १५० मिमी उंचीचे भक्कम ठोकळे घ्या, गाडी सावकाश चढवा आणि दारं उघडून-मिटून बघा. सपाटीवर सहज लागणारं दार इथे अडत असेल तर पीळ बॉडीत शिरतोय.

बदलण्याची पद्धत:

१. आदल्या दिवशी सगळ्या बोल्टवर गंज सोडवणारं तेल मारा. बॉडीतले नट बहुधा पिंजऱ्यात अडकवलेले असतात; पिंजरा गंजलेला असेल तर नट बोल्टबरोबर फिरतो आणि मग गालिचा उचलून वरून पोचावं लागतं. इथे जोर लावू नका, वेळ लावा.
२. बॉडी आणि चासीला जोडणारं सगळं आधी मोकळं करा: स्टिअरिंगचा मधला शाफ्ट, डिझेल-पेट्रोल भरायची नळी, हँडब्रेकची केबल, ब्रेकच्या नळ्यांचे क्लिप, गिअर लिव्हरचं बूट, अर्थची पट्टी. रेडिएटर बॉडीवर आणि पंखा इंजिनावर असेल तर पंख्याचं आवरण सोडा, नाहीतर बॉडी उचलताच पाती त्यावर घासतील.
३. एका बाजूचे सगळे बोल्ट काढा. दुसऱ्या बाजूचे फक्त सैल करा, काढू नका. बॉडी सरकू नये म्हणून ते हवेत.
४. सिलच्या आतल्या मजबूत भागाखाली लांब लाकडी फळी ठेवून जॅक लावा. २० ते ३० मिमी उचललं तरी पुरे. फटीत लाकडी ठोकळे सरकवा. मधे बोटं घालायची नाहीत.
५. जुनी रबरं क्रमाने मांडा आणि जाडी मोजा. काही गाड्यांत जागेनुसार रबराची जाडी आणि कडकपणा वेगळा असतो, ती अदलाबदल झाली की बॉडी तिरकी बसते. बैठकीचा गंज घासून प्रायमर मारा.
६. नवी रबरं, नळी, वाटीसारखे वॉशर. वंगण म्हणून साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावलं तर रबर फुगतं आणि मऊ पडतं.
७. बॉडी खाली घ्या. दोन्ही बाजूंचे सगळे बोल्ट आधी हाताने चार-पाच आटे चढवा, मगच पाना लावा. शेवटी टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्यावर. नळी टेकली की टॉर्क एकदम चढतो. हळूहळूच चढत राहिला तर नळी कुठेतरी चुकलीय.
८. फटी बघा, लागतील तिथे शिम (पातळ चकत्या) घाला. ५०० ते १००० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासा.

अर्थची पट्टी विसरू नका. रबरं वीजही अडवतात. पट्टी राहिली तर स्टार्टरचा मोठा प्रवाह हँडब्रेकच्या केबलमधून किंवा बेअरिंगमधून वाट काढतो आणि केबल तापून जळते.

पॉलियुरेथेनचे माउंट टिकतात आणि चासी-बॉडीचा खेळ कमी करतात, पण कंपन जास्त आत सोडतात. रोज चालवायच्या गाडीला रबरच बरं. शर्यतीची किंवा सतत तेलात माखणारी गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

बुश आणि शॉकअप

सस्पेन्शनच्या हातांमधले सायलेंट ब्लॉक म्हणजे बाहेरची आणि आतली नळी, मध्ये चिकटवलेलं रबर. हात हलतो तेव्हा रबर पिळलं जातं. ते घासत नाही. इथली एक चूक सर्रास होते: गाडी घोड्यांवर, चाकं लटकलेली, आणि त्याच अवस्थेत बुशाचे बोल्ट पक्के आवळले जातात. गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. बोल्ट नुसते टेकवा, गाडी स्वतःच्या वजनावर उभी करा, दोन-चार वेळा दाबून सोडा, मगच पूर्ण आवळा. पाट्यांच्या रबर बुशांनाही हाच नियम. यू-बोल्ट (पाट्या एक्सलला आवळणारे) मात्र एकदा काढले की नवेच घाला. ते ताणलेले असतात. सैल यू-बोल्ट असले की पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटतो आणि एक्सल तिरका सरकतो.

शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) गाडीचं वजन घेत नाही, ते स्प्रिंग घेते. शॉकअप झरोक्यांतून तेल ढकलत स्प्रिंगच्या हेलकाव्याची उष्णता करतो. लांब खडबडीत रस्त्यावर तेलाला फेस येतो आणि शॉकअप ढिला पडतो. नायट्रोजन भरलेल्यांत हे उशिरा होतं. खडबडीत वाट संपल्यावर बाहेरून हात जवळ नेऊन बघा: तीन गरम आणि एक थंड असेल तर थंड असलेला काम करत नाही. नवा दोन नळ्यांचा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबा-ओढा, आतली हवा निघून जाते.

थरथर कुठून येते: आकडे मांडा

प्रत्येक उगमाची स्वतःची वारंवारता असते. स्प्रिंगवरची बॉडी सेकंदाला १ ते २ वेळा हेलकावते, एक्सल आणि चाक १० ते १५ वेळा. बाकीचं गणित करता येतं. समजा टायरचा व्यास ७५० मिमी, म्हणजे घेर २.३६ मीटर. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२.२ मीटर जाते, म्हणजे चाकाचे ९.४ फेरे. डिफरन्शियलचं प्रमाण ४.१ असेल तर प्रोपेलर शाफ्टचे (डिफरन्शियलला फिरवणाऱ्या दांड्याचे) ३८.६ फेरे. युनिव्हर्सल जॉइंटचा दोष प्रत्येक फेऱ्यात दोन झटके देतो, म्हणजे ७७. चार सिलिंडरचं इंजिन प्रत्येक फेऱ्यात दोनदा पेटतं: ७५० आरपीएमला २५ हर्ट्झ, २४०० ला ८०. खालच्या वारंवारता फोनमधल्या कंपनमापक ॲपवरही दिसतात. सीटच्या रुळावर फोन घट्ट बांधा, हातात धरू नका.

ॲप नसेल तरी चालतं. मोकळ्या सरळ रस्त्यावर थरथर येणाऱ्या वेगाला गिअर बदला. आरपीएम बदलला तरी थरथर त्याच वेगाला राहिली तर दोष चाकात किंवा शाफ्टमध्ये. उभ्या गाडीत आरपीएम वाढवून येते? मग इंजिन फाउंडेशन (इंजिनाचा रबरी माउंट), गिअरबॉक्स माउंट, किंवा चासीला टेकलेला सायलेन्सर. फ्री-व्हील हब (पुढची चाकं एक्सलपासून मोकळी करणारे) असतील तर ते मोकळे करून टू-व्हीलमध्ये चालवा. पुढचा शाफ्ट थांबतो. थरथर गेली तर दोष पुढच्या बाजूला. मधला डिफरन्शियल नसलेली गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-हायमध्ये वळवताना अडखळते, उड्या मारते. तो माउंटचा दोष नाही. पुढच्या-मागच्या चाकांचे फेरे जुळत नाहीत. टू-व्हीलमध्ये घ्या.

सस्पेन्शन बदलून गाडीची उंची वाढवल्यानंतर सुरू झालेली थरथर जवळजवळ नेहमी शाफ्टच्या कोनांची असते. साध्या दोन जॉइंटच्या शाफ्टमध्ये ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणाऱ्या पेटीचा) आणि पिनियनचा (डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या दांड्याचा) कोन सारखा हवा, फरक १ अंशाच्या आत, आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (जॉइंट धरणारे दुबेळके) एका रेषेत. स्प्लाइन (शाफ्टचा दातेरी सरकता सांधा) काढून एक दात चुकवून बसवला तरी थरथर येते, म्हणून सोडण्याआधी रंगाने खूण करा. जॉइंटचा कोन शून्यही नको. जॉइंटच्या बेअरिंगमधल्या सुया एकाच जागी ठोकत बसतात. ट्रान्सफर केसकडे दुहेरी जॉइंट असेल तर नियम बदलतो: पिनियनचं तोंड थेट शाफ्टकडे.

माउंट कंपन कधी अडवतो, तेही समजून घ्या. माउंटवर बसलेल्या वस्तूची स्वतःची एक वारंवारता असते. येणारं कंपन तिच्या १.४१ पटींच्या वर असेल तरच माउंट ते कमी करतो. त्याखाली उलट वाढवतो. आयडलला २५ हर्ट्झ येत असतील तर इंजिन त्याच्या माउंटवर १७-१८ हर्ट्झच्या खालीच डोलायला हवं. रबर वयाने कडक झालं की हा आकडा वर सरकतो, आणि मग आयडलला आरसा हलायला लागतो. आयडलचा आरपीएम वाढवून हे झाकलं जातं, सुटत नाही. द्रव भरलेल्या माउंटखाली ओल दिसली तर तो संपला.

शेवटी पत्रा

उगम आणि माउंट नीट झाल्यावर उरतो तो पत्र्याचा आवाज. मोठा सपाट पत्रा ढोलकीसारखा वाजतो. ॲल्युमिनियमची पातळ पाठ असलेली ब्युटाइल शीट त्यावर घट्ट बसवली की पत्रा वाकताना चिकट थर घासला जातो आणि कंपनाची उष्णता होते. पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही. चौथा ते तिसरा हिस्सा, तोही मधल्या वाजणाऱ्या भागावर, पुरतो. बाकीचं नुसतं वजन. बोटाने टकटक करून जागा ठरवा.

पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, गंज असेल तर आधी काढा, थंडीत शीट हीट गनने कोमट करा आणि रोलरने दाबा. नक्षी असलेल्या शीटवर ती सपाट होईपर्यंत. खाली हवा राहिली तर तेवढा भाग निरुपयोगी. वारा आणि टायरची घरघर शीटने जात नाही. त्यासाठी वर बंद पेशींचा फोम आणि त्यावर आवाज अडवणारा जड थर लागतो. उघडा स्पंज मात्र फरशीवर घालू नका, तो पाणी धरतो. पाण्यातून जाणाऱ्या गाडीच्या फरशीतले रबरी बूच आणि दारांच्या तळातली भोकं शीटखाली जाऊ देऊ नका. काम झाल्यावर दाराच्या काचेवर लोटाभर पाणी ओतून ते खालून बाहेर पडतंय ना, ते बघा.